वीस युरोत विमान परवडतं कसं? रायनएअर, इझीजेट, विझ आणि बुडालेले बाकीचे

सांगलीकर_डब्लिन

भटकंतीच्या धाग्यावर कुणीतरी शंका काढली होती की वीस युरोत विमानाचं तिकीट म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार. तिथे उत्तर द्यायला बसलो आणि ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा.

आधी आकडे. रायनएअर या आयरिश स्वस्त विमान कंपनीचं मार्च २०२४ ला संपलेलं वर्ष घ्या. १८ कोटी ३७ लाख प्रवासी. सरासरी भाडं माणशी ५० युरोच्या जरा खाली. त्यावर वरकड उत्पन्न, म्हणजे बॅग, सीट, आधी चढण्याचे पैसे, विमानातलं सँडविच वगैरे, माणशी २३ युरोच्या वर. निव्वळ नफा १९२ कोटी युरो, म्हणजे माणशी साडेदहा युरोच्या आसपास. आता यातून ते वरकड उत्पन्न वजा करा. नफा सोडा, दर माणशी तोटा दिसेल.

इथे बहुतेक जण थांबतात आणि म्हणतात, बघा, बॅगेच्या पैशांवर जगतात. पण बॅगेचे पैसे आता सगळेच लावतात. लुफ्तान्सा आणि ब्रिटिश एअरवेजसुद्धा बिनबॅगेचं स्वस्त भाडं वेगळं दाखवतात. मग सगळ्यांचा ताळेबंद असा का दिसत नाही? माझ्या मते या धंद्यातला नफा तिकीट विकताना होत नाही. तो त्याच्या कितीतरी आधी, खरेदीच्या टेबलावर ठरलेला असतो. विमान कितीला पडलं, विमानतळ कितीला पडला, माणूस कितीला पडला.

कंपनी काढणारे टोनी रायन मुळात विमानं भाड्याने देण्याच्या धंद्यातले. आयर्लंडमधल्या शॅननच्या जीपीए या कंपनीत त्यांनी पैसा केला. १९८५ मध्ये वॉटरफर्डहून लंडन गॅटविकला १५ सीटचं एम्ब्रेअर उडालं तेव्हा कंपनी म्हणजे हौसच होती आणि पुढची काही वर्षं ती नुसते पैसे खात होती. रायन यांनी मायकेल ओ'लिअरींना हिशेब बघायला बसवलं, तर त्यांचा सल्ला होता की दुकान बंद करा. त्याऐवजी रायन यांनी त्यांना अमेरिकेत साउथवेस्ट या स्वस्त विमान कंपनीचं काम कसं चालतं ते बघायला पाठवलं. तिथून आलं एकच प्रकारचं विमान, २५ मिनिटांत परत उड्डाण, जेवण नाही, जोडप्रवासाची जबाबदारी नाही (पुढचं विमान चुकलं तर तुमचं तुम्ही). १९९४ पासून ओ'लिअरी प्रमुख आहेत.

आता खरेदी बघा. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमान कंपन्या ऑर्डरी रद्द करत होत्या. जानेवारी २००२ मध्ये रायनएअरने बोइंगकडे १०० नवी ७३७-८०० पक्की केली आणि आणखी ५० चा पर्याय ठेवला. बाजार उठायच्या वेळी भाजीवालीकडे गेल्यावर जो भाव मिळतो, तो. डिसेंबर २०२० मध्ये पुन्हा तेच. कोविडमुळे विमानं धूळ खात उभी, बोइंगच्या नव्या ७३७ मॅक्स विमानावरची बंदी नुकतीच उठलेली, बोइंगला गिऱ्हाईक हवं होतं. यांनी आणखी ७५ मॅक्स घेतली आणि एकूण ऑर्डर २१० वर नेली. त्या विमानात १८९ च्या जागी १९७ सीट बसतात आणि इंधन १६ टक्के कमी लागतं, असं कंपनी सांगते. पुढची दहा-पंधरा वर्षं हे विमान स्पर्धकापेक्षा स्वस्तात उडणार, हे पहिलं तिकीट विकायच्या आधीच ठरलं.

विमानतळाचं गणित तर याहून मजेशीर. बेल्जियममधलं शार्लरॉय हे कोळसा-पोलादाचं मोडकळीला आलेलं शहर. विमानतळ वालोनिया प्रांताच्या मालकीचा, २००० साली वर्षाला जेमतेम दोन-अडीच लाख प्रवासी. २००१ मध्ये रायनएअरने तिथे तळ केला. त्या बदल्यात लँडिंग फी सुमारे निम्मी, प्रत्येक नव्या मार्गामागे १ लाख ६० हजार युरो, जाहिरातीत वाटा, वैमानिकांच्या भरती-प्रशिक्षणाला मदत, कर्मचाऱ्यांच्या हॉटेलचा खर्चसुद्धा! फेब्रुवारी २००४ मध्ये युरोपियन कमिशनने यातला काही भाग बेकायदा सरकारी मदत ठरवून परत करायला सांगितला. डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयाने तो निर्णयच रद्द केला. मधल्या काळात शार्लरॉय फुगत गेलं, २०२४ मध्ये तिथून एक कोटीहून जास्त प्रवासी गेले.

इझीजेट आणि विझबद्दल मुद्दाम लिहीत नाही, इथे त्या बाजूचे जाणकार आहेत.

रिकामटेकडा

पहिली रांग पकडून बसलोय. चहा मागवला आहे. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

प्राजक्ता_ब्रुसेल्स

लेख आवडला, पण शार्लरॉयच्या हिशेबात एक खाना राहिला: प्रवाशाचा वेळ. तिकिटावर 'ब्रुसेल्स साउथ' असतं आणि विमानतळ ब्रुसेल्सपासून बसने तासभर. सकाळी सहाचं विमान असेल तर बस पहाटे साडेतीनची, आणि ऐनवेळी काढलं तर बसचं भाडं विमानाच्या अर्ध्यावर जातं. पॅरिसच्या नावाखाली बोव्हे, स्टॉकहोमच्या नावाखाली शंभर किलोमीटरवरचं स्काव्हस्टा, मिलानच्या नावाखाली बेर्गामो. कळस म्हणजे फ्रँकफर्ट-हान! अमेरिकन हवाई दलाचा जुना तळ, फ्रँकफर्टपासून १२० किलोमीटर.

पण हे चित्र बदललंय. २०१४ मध्ये रायनएअर ब्रुसेल्सच्या मुख्य विमानतळावर आली आणि २०१७ मध्ये फ्रँकफर्टच्या मुख्य विमानतळावर. हान २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेलं. मग शुल्क वाढलं म्हणून २०२२ मध्ये फ्रँकफर्टचा तळही यांनी गुंडाळला. एका कंपनीवर उभ्या राहिलेल्या विमानतळाचं काय होतं, हे हानला जाऊन बघावं.

सांगलीकर_डब्लिन

@प्राजक्ता, बरोबर. त्यांच्या लेखी विमान ही उचलून नेता येणारी मालमत्ता आहे, विमानतळ जागचा हलत नाही. वाटाघाटीत त्यांचं सगळं बळ इथून येतं. स्पेनमध्ये आता तेच चाललंय. तिथले विमानतळ चालवणाऱ्या एना या कंपनीने शुल्क वाढवलं म्हणून यांनी हेरेझ आणि वायादोलिद सोडलं, २०२५ च्या हिवाळ्यात सँटियागोचा तळ बंद केला. विमानं पडून राहिली नाहीत, जिथे शुल्कात सवलत मिळते तिथे गेली.

मीनल_आइंडहोव्हन

इझीजेटची बाजू मी मांडते, कारण त्यांनी नेमकं उलट केलं आणि तरीही तरले.

१९९५ च्या नोव्हेंबरमध्ये स्टेलिओस हाजी-इओआनू यांनी लंडनजवळच्या ल्यूटनहून ग्लासगो आणि एडिंबराला सुरुवात केली. एजंटचं कमिशन वाचवायचं म्हणून विमानाच्या अंगावर भल्यामोठ्या नारिंगी अक्षरांत फोन नंबर. पुढे इंटरनेट आलं आणि तो नंबर गेला. पण ल्यूटनच्या पुढे त्यांनी आडगावचे विमानतळ धरले नाहीत. गॅटविक, जिनिव्हा, पॅरिस ओर्ली, अ‍ॅमस्टरडॅम, मिलान मालपेन्सा अशा ठिकाणी गेले, जिथे स्लॉट मिळायची मारामार.

स्लॉट म्हणजे अमुक वेळेला उतरायचा-उडायचा हक्क. युरोपात नियम असा की हंगामात ८० टक्के वापरलात तर पुढच्या वर्षीही तो तुमचाच. म्हणजे एकदा हातात आला की पिढीजात वतन. इझीजेटने हे वतन पैसे मोजून गोळा केलं. जीबी एअरवेज ही कंपनी १०.३५ कोटी पौंडांना घेतली ती मुख्यतः गॅटविकसाठी. थॉमस कुक ही ब्रिटिश पर्यटन कंपनी २०१९ मध्ये बुडाली तेव्हा तिचे गॅटविक आणि ब्रिस्टलचे स्लॉट ३.६ कोटी पौंडांना उचलले. तुमचा खरेदीचा सिद्धांत इथेही लागू पडतो, फक्त इथे खरेदी महाग आणि माल दुर्मीळ. सकाळी सातच्या जिनिव्हाच्या विमानात सुटाबुटातली माणसं दिसतात, ती बोव्हेला जाणारी नव्हेत. ती दोन दिवस आधी तिकीट काढतात आणि मागतील ते भाडं देतात.

दुसरं म्हणजे सुट्ट्यांची पॅकेजेस. २०१९ मध्ये इझीजेट हॉलिडेज नव्याने सुरू झालं. २०२४ च्या आर्थिक वर्षात कंपनीचा करपूर्व नफा ६१ कोटी पौंड, त्यातले १९ कोटी या पॅकेजेसचे. हॉटेलच्या खोल्या विकत घेऊन ठेवायच्या नाहीत, विमानात सीट आहेच, दोन्ही एकत्र विकायचं.

कोकणी_फणस

मीनलताई, वतनाची गोष्ट भारी. वाखुसा (वाचनखूण साठवली).

विझबद्दल कुणी लिहील का? बुडापेस्टहून येताना त्यांचं गुलाबी-जांभळं विमान बघून मुलगी म्हणाली, हे खेळण्याचं आहे.

मीनल_आइंडहोव्हन

विझ हे २००४ चं बाळ. १ मे २००४ ला पोलंड, हंगेरीसकट दहा देश युरोपियन युनियनमध्ये आले आणि ब्रिटन, आयर्लंड, स्वीडनने त्यांच्या कामगारांना लगेच दारं उघडली. १९ मे ला विझचं पहिलं विमान पोलंडमधल्या काटोवित्सेहून ल्यूटनला. इतका अचूक मुहूर्त भटजींनाही काढता आला नसता! प्रमुख योझेफ वाराडी, आधी मालेव या हंगेरीच्या सरकारी कंपनीचे प्रमुख. प्रवासी पर्यटक नव्हेत, नर्सा, गवंडी, ट्रकचालक. ही माणसं ख्रिसमसला आणि ईस्टरला गावी जाणार म्हणजे जाणारच.

बापूकाका_कालिना

मंडळी, माझं आयुष्य हँगरमध्ये गेलं, म्हणून थोडं विमानाच्या पोटातलं.

एकच प्रकारचं विमान ठेवल्याचा फायदा सगळे सांगतात: एकच सुट्या भागांचं कोठार, वैमानिक कुठल्याही विमानावर चालतो, मेकॅनिकला एकच पुस्तक पाठ. २५ मिनिटांच्या टर्नअराउंडमध्ये, म्हणजे उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत, काय चालतं तेही बघण्यासारखं असतं. रायनएअरच्या ७३७ ला पुढच्या दाराखाली स्वतःची घडीची शिडी असते. ती बाहेर येते, मागच्या दाराला दुसरी शिडी लागते, दोन्हीकडून माणसं उतरतात. एअरब्रिजचं (इमारतीतून थेट विमानात नेणाऱ्या पुलाचं) भाडं नाही, त्याची वाट बघणं नाही. सीटच्या पाठीला खिसा नाही, त्यामुळे कागद-कचरा काढत बसायला नको, सुरक्षेच्या सूचना समोरच्या सीटवरच चिकटवलेल्या. सीट मागे झुकत नाही, म्हणजे मोडायला एक यंत्रणा कमी. हे कंजूसपणाचे प्रकार वाटतील, पण मेंटेनन्सवाला म्हणून सांगतो, ज्याने हे ठरवलं तो हँगरमध्ये येऊन बसलेला माणूस आहे.

आता तोटा. विझकडे सगळी एअरबस ३२० घराण्यातली विमानं आणि नव्यांना प्रॅट अँड व्हिटनीचं जीटीएफ इंजिन. जुलै २०२३ मध्ये प्रॅटने सांगितलं की २०१५ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंत बनलेल्या इंजिनांतल्या काही चकत्यांच्या धातूच्या भुकटीत अशुद्धी आहे, तडा जाऊ शकतो. इंजिन पंखावरून उतरवा, उघडा, तपासा. एक इंजिन परत पंखावर यायला २५० ते ३०० दिवस. विझची चाळीसच्या वर विमानं जमिनीवर. ज्या कंपनीचं गणितच विमान दिवसभर हवेत ठेवण्यावर आहे, तिचा पाचवा हिस्सा ताफा उभा राहिला तर काय होईल? प्रॅटने भरपाई दिली, पण गेलेला हंगाम भरपाईत येत नाही. रायनएअरलाही २०२४ मध्ये बोइंगने विमानं वेळेवर दिली नाहीत, पण त्यांच्याकडे जुनी ७३७-८०० विमानं बक्कळ होती.

फिरस्ता_नाशिक

बुडालेल्यांची यादी कुणी काढत नाही म्हणून मी काढतो. स्काययुरोप २००९, मोनार्क आणि एअर बर्लिन २०१७, प्रिमेरा २०१८, वॉव २०१९, प्ले २०२५. ब्रिटिश एअरवेजने स्वतःची स्वस्त कंपनी गो काढली, ती शेवटी इझीजेटने गिळली. केएलएमची बझ रायनएअरने.

माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट नॉर्वेच्या नॉर्वेजियन या कंपनीची. जानेवारी २०१२ मध्ये एका दमात २२२ विमानांची ऑर्डर, म्हणजे सांगलीकरांच्या सिद्धांताप्रमाणे खरेदी जोरदार. मग २०१३ पासून बोइंगची लांब पल्ल्याची ड्रीमलायनर विमानं घेऊन न्यूयॉर्क, बँकॉक. आणि २०२१ मध्ये लांब पल्ला कायमचा बंद. का? छोट्या पल्ल्यात तुम्ही टर्नअराउंडमध्ये अर्धा तास वाचवला की दिवसात एक फेरी जास्त होते. आठ तासांच्या उड्डाणात अर्धा तास वाचवून कुठे जाणार? सगळ्यांचीच विमानं दिवसाला चौदा-पंधरा तास उडतात, फायदा संपला. इंधनाचा वाटा वाढतो आणि इंधन सगळ्यांना त्याच भावात. माणसाला जेवण हवं, बॅग हवी. आणि पुढच्या बिझनेस क्लासमधले चाळीस जण मागच्या दोनशेंचं भाडं उचलतात, ते तुमच्याकडे नाहीत. त्यात रोल्सरॉइसच्या इंजिनांनी दगा दिला.

सांगलीकर_डब्लिन

@फिरस्ता, खरेदी जोरदार म्हणजे स्वस्त खरेदी नव्हे. ती ऑर्डर कर्जावर होती आणि बाजार चढता होता. रायनएअरने पडत्या बाजारात, हातात रोकड असताना घेतली. अर्थात लांब पल्ल्याच्या मुद्द्याला सहमत, तिथे स्वस्त विमानही वाचवत नाही.

ऋचा_के

इतकं सगळं वाचलं. खरेदीच्या टेबलावर तिसरी गोष्ट 'माणूस' होती, तिच्याबद्दल धाग्यात एक ओळ आहे, लक्षात आलं का कुणाच्या?

केबिन क्रू अनेक वर्षं एजन्सीमार्फत, करार आयरिश कायद्याखाली, मग मुलगी पोर्तुगालची असो आणि तळ बेल्जियमचा. भांडायचं तर डब्लिनला जा. सप्टेंबर २०१७ मध्ये युरोपियन न्यायालयाने सांगितलं की ज्या तळावरून कर्मचारी काम करतो तिथल्या कोर्टात त्याला दाद मागता येते. त्याच महिन्यात वैमानिकांच्या रजांचं वेळापत्रक कोसळलं, हजारो उड्डाणं रद्द झाली आणि डिसेंबरमध्ये, ज्या ओ'लिअरींनी युनियनचं तोंड बघणार नाही अशी भाषा केली होती, त्यांनाच युनियनला मान्यता द्यावी लागली. म्हणजे इतकी वर्षं जो खर्च 'वाचला' तो कुणीतरी भरतच होतं.

आणि गेटवर बॅग मोजणाऱ्यांचं सांगते. मोठी बॅग पकडली की कर्मचाऱ्याला मिळणारं बक्षीस रायनएअरने २०२५ च्या नोव्हेंबरपासून दीड युरोवरून अडीच युरो केलं. प्रवाशाचा राग खायला अडीच युरो! स्पेनच्या ग्राहक मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच कंपन्यांना मिळून १७.९ कोटी युरो दंड लावला, त्यात हातातल्या बॅगेचे पैसे हा मुख्य मुद्दा. एकट्या रायनएअरला १०.७७ कोटी.

सांगलीकर_डब्लिन

@ऋचा, मुद्दा रास्त आहे. फक्त एक, मान्यता दिल्यानंतरही त्यांचा खर्च बाकीच्यांच्या खालीच राहिला. म्हणजे कामगारांना पिळलं म्हणूनच नफा, असं नाही. विमान आणि विमानतळाच्या खरेदीने उरलेलं भागतं.

ऋचा_के

मग आधी पिळायची गरज काय होती?

रिकामटेकडा

चहा थंड झाला पण धागा तापला.

कोकणी_फणस

थोडं अवांतर. आपल्याकडे हे का नाही? इंडिगोचं तिकीट वीस युरोत का नाही मिळत?

बापूकाका_कालिना

अवांतर अजिबात नाही. खरेदीचा धडा आपल्याकडे गिरवला गेला आहे. इंडिगोने २००५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात १०० एअरबस ३२० मागवली, तेव्हा कंपनीचं एकही विमान उडालेलं नव्हतं. कॅप्टन गोपीनाथांची एअर डेक्कन त्याआधी २००३ ची, तिकिटाची कल्पना धाडसी, पण २००७ मध्ये ती किंगफिशरकडे गेली.

इंधनात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. युरोपात देशांमधल्या विमानांच्या रॉकेलवर कर नाही. आपल्याकडे राज्यांचा व्हॅट. महाराष्ट्राने २०२३ मध्ये मुंबई, पुणे, रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला तेव्हा केवढा गाजावाजा झाला. आणि दुसरा, स्वस्त, आडबाजूचा विमानतळ कुठे आहे? युरोपात शीतयुद्धाच्या काळातले तळ रिकामे पडले होते, धावपट्ट्या आयत्या तयार. आपल्याकडे दुसरा विमानतळ म्हणजे हजारो कोटींचं नवं बांधकाम, तो फी माफ कशी करेल? शार्लरॉयसारखं काही असेल तर ती उडान योजना, पण तिथे पैसे सरकार उघडपणे, बोली लावून देतं.

फिरस्ता_नाशिक

+१. त्यात भर म्हणजे १९९३ पासून युरोपियन युनियनमधली कंपनी कुठल्याही दोन सदस्य देशांदरम्यान उडू शकते आणि १९९७ पासून परक्या देशाच्या आतही. आयरिश कंपनी मिलान–पालेर्मो उडवते, इटलीने फक्त बघायचं. अशी एकसंध बाजारपेठ आशियात नाही. त्याशिवाय रायनएअर जन्मली असती, वाढली नसती.

शर्वरी_ग्योटिंगेन

धागा वाचून धंदा कळला, आता धसका घेतलेला प्रश्न. आईबाबा जूनमध्ये येतायत, शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा). त्यांना बर्लिनहून रोमला स्वस्त विमानाने न्यायचं आहे. काही खास बघावं लागतं का?

प्राजक्ता_ब्रुसेल्स

@शर्वरी, हो, आणि हे आपल्या लोकांना नेहमी बाधतं. पासपोर्ट युरोपबाहेरचा असेल तर काही कंपन्या सिक्युरिटीला जायच्या आधी काउंटरवर पासपोर्ट-व्हिसा दाखवायला लावतात, शेंगेनमधल्या एका देशातून दुसऱ्यात जातानाही. चुकीच्या कागदांच्या माणसाला आणलं तर दंड आणि परत न्यायचा खर्च कंपनीच्या डोक्यावर, म्हणून. माझ्या सासूसासऱ्यांना एका कंपनीने गेटवरून परत पाठवलं होतं, काउंटरपर्यंत पळत जाऊन आले तोवर दार बंद. ऑनलाइन चेक-इन केलं म्हणून निर्धास्त राहू नका, दोन तास आधी पोहोचा आणि आधी काउंटर गाठा.

ऑनलाइन चेक-इन विसरू मात्र नका. विमानतळावर चेक-इन करायला रायनएअर ५५ युरोपर्यंत घेते. शिवाय त्यांचा बोर्डिंग पास आता फक्त मोबाइलवर असतो, तेव्हा त्यांचं अ‍ॅप तुमच्या फोनवर घ्या, बाबांच्या फोनवर नको.

मीनल_आइंडहोव्हन

आणि फुकटातली बॅग रायनएअरकडे ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटर. आईंची नेहमीची प्रवासी बॅग यात बसत नाही. चाकं आणि हँडल धरून मोजा. दोघांत मिळून एक चेक-इन बॅग तिकीट काढतानाच घ्या, गेटवर तिचाच भाव दुपटीच्या वर जातो. लाडू-चिवडा त्या मोठ्या बॅगेत.

शर्वरी_ग्योटिंगेन

धन्यवाद दोघींना. ४० बाय ३० बाय २० मध्ये बाबांची औषधंच जेमतेम बसतील. बॅग घेतेच.